निळा म्हणजे स्वर्ग? मध्ययुगीन ख्रिस्ती हस्तलिखितांतले रंग वाचताना

मध्ययुगीन ख्रिस्ती हस्तलिखितांतल्या चित्रांची माहिती शोधायला गेलं की एक तक्ता हमखास हाती लागतो: निळा म्हणजे स्वर्ग, लाल म्हणजे रक्त, हिरवा म्हणजे आशा, पिवळा म्हणजे दगाबाजी, सोनं म्हणजे देव. तक्ता अगदीच खोटा नाही, पण तो हातात धरून एखादं हस्तलिखित उलगडायला बसलं तर फार पानं पुढे जाता येत नाही. इ.स. 800 च्या सुमाराच्या ‘बुक ऑफ केल्स’मध्ये पिवळा रंग भरभरून आहे आणि त्यात दगाबाजीचा मागमूसही नाही. तिथे तो सोन्याच्या जागी आला आहे, कारण त्या हस्तलिखितात सोनं वापरलेलंच नाही. हुतात्म्याचा झगा लाल असतो, आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला, म्हणजे ‘प्रकटीकरणा’च्या बाराव्या अध्यायातला सात डोक्यांचा अजगरही लालच असतो.

म्हणून क्रम बदललेला बरा. आधी पाहायचं की रंग कशापासून केला आहे, कुठून आला, किती महाग होता. मग तो पानावर कुठे बसला आहे. मग त्याच्या शेजारी काय आहे. प्रतीकाचा प्रश्न त्यानंतर.

कातड्याचं पान

ही पुस्तकं बहुतेक चर्मपत्रावर लिहिलेली आहेत. वासराचं, मेंढीचं किंवा बकरीचं कातडं चुन्याच्या पाण्यात काही दिवस भिजवायचं, सुटलेले केस खरवडून काढायचे, मग लाकडी चौकटीवर चहूबाजूंनी ताणून बांधायचं आणि अर्धचंद्राकृती पात्याच्या सुरीने तासत राहायचं. हे कातडं कमावत नाहीत. ताणाखाली सुकतं म्हणूनच त्याचं पान होतं. ताण न देता सुकवलं तर कडक, शिंगासारखं होऊन बसतं. विंचेस्टर बायबल (सुमारे 1150 ते 1180) या एका ग्रंथाला अंदाजे 250 वासरांची कातडी लागली. म्हणजे रंगाचा पहिला थेंब पडण्याआधीच पुस्तकात एक मोठा कळप गेलेला असे.

कातड्यात तेलकटपणा राहिला तर शाई नीट बसत नाही आणि रंग पुढे पापुद्र्याने सुटतो. त्यासाठी लिहिण्याआधी प्युमिस दगडाने घासून वर खडूची पूड चोळत. दुसरी अडचण पाण्याची. चर्मपत्राला पाणी जास्त लागलं की ते फुगतं आणि सुरकुततं, त्यामुळे मोठ्या भागावर पातळ, वाहते थर देता येत नाहीत. रंग दाट कालवून, छोट्या छोट्या भागांत भरावा लागतो. या चित्रांत रंगांचे सपाट, ठाम तुकडे दिसतात याचं निम्मं कारण धर्मशास्त्रात नसून कातड्यात आहे.

रंग धरून ठेवायला डिंक किंवा अंड्याचा पांढरा बलक वापरत. बलक घट्ट फेस येईपर्यंत फेटायचा, रात्रभर ठेवायचा आणि खाली निवळलेलं पाणी तेवढं घ्यायचं. हे बंधक कमी पडलं तर रंग वाळल्यावर पुडीसारखा झडतो, जास्त झालं तर थर आकसून तडकतो.

कामाचा क्रम ठरलेला होता. लेखनिक आधी मजकूर लिहितो आणि चित्रासाठी जागा सोडतो. चित्रकार शिसाच्या टोकाने आणि मग शाईने रेखाटन करतो. त्यानंतर सोनं, मग मधल्या छटेचे रंग, मग सावल्या, मग पांढऱ्याने उजळलेले भाग, आणि शेवटी बाह्यरेषा. हा क्रम डोळ्यांनी पाहायचा असेल तर ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातलं ‘डूस अपोकॅलिप्स’ हे ‘प्रकटीकरणा’चं सचित्र हस्तलिखित पाहावं. इंग्लंडचा पुढे राजा झालेला पहिला एडवर्ड आणि त्याची पत्नी एलेनॉर यांच्यासाठी 1265 ते 1270 च्या सुमारास ते तयार होत होतं आणि अपुरं राहिलं. काही पानांवर नुसतं रेखाटन आहे, काहींवर वर्ख चमकतो आहे पण चेहरे-कपडे कोरे आहेत, काही पानं पूर्ण झालेली आहेत. शिकणाऱ्याला पूर्ण झालेल्या पुस्तकापेक्षा असं अर्धवट पुस्तक जास्त देऊन जातं.

सोनं आधी का?

सोन्याचा वर्ख इतका पातळ असतो की तो कुठल्याही चिकट पृष्ठभागाला धरतो. डिंकात कालवलेला रंग आधी भरला असेल तर वर्ख त्यालाही चिकटणार. शिवाय वर्ख घोटताना दगड किंवा दात दाबून फिरवावा लागतो. शेजारी रंग असेल तर तो पुसला जातो. म्हणून सोनं आधी.

पानावर थोडं उचललेलं, आरशासारखं चमकणारं सोनं असेल तर त्याच्याखाली अस्तर आहे असं समजावं. इ.स. 1400 च्या सुमारास चेनिनो चेनिनी या इटालियन चित्रकाराने चर्मपत्रासाठीच्या अस्तराची कृती लिहून ठेवली आहे. भिजवून घट्ट होण्याचा गुण मारलेलं बारीक प्लास्टर घ्यायचं. त्यात सफेदा, म्हणजे शिशापासून केलेला पांढरा रंग, घालायचा, पण प्लास्टरच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. खडीसाखर सफेद्यापेक्षाही कमी. हे सगळं स्वच्छ पाण्यात अगदी बारीक वाटून वाळवून ठेवायचं आणि लागेल तेव्हा फेटलेल्या पांढऱ्या बलकात कालवायचं. बऱ्याच कारागिरांच्या अस्तरात तांबूस माती असे. तिच्यामुळे पांढऱ्या पानावर अस्तर कुठे लावलंय ते दिसतं आणि वरच्या सोन्यालाही ऊब येते.

साखर चवीपुरती वाटली तरी सगळा खेळ तिच्यावर आहे. ती हवेतली ओल धरून ठेवते. वाळलेल्या अस्तरावर जवळून उष्ण श्वास सोडला की ते क्षणभर चिकट होतं, आणि त्या क्षणी वर्ख टेकवायचा असतो. साखर कमी पडली तर अस्तर कोरडं राहतं, वर्ख धरत नाही आणि पान उलटताना भेगा पडतात. जास्त झाली तर ते दमट हवेत चिकटच राहतं. घोटायला गेलं की वर्ख ओरबाडून निघतो. अस्तर कालवताना हवेचे बुडबुडे राहिले तर सोन्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. वर्ख बसल्यावर कुत्र्या-लांडग्यासारख्या प्राण्याच्या दाताने किंवा गुळगुळीत दगडाने घोटायचं, आधी हलक्या हाताने आणि मग जोर लावून.

दुसरा प्रकार सोन्याच्या पुडीचा. ती डिंकात कालवून शिंपल्यात ठेवत आणि बारीक कुंचल्याने इतर रंगांसारखीच, सगळ्यांच्या शेवटी लावत. पंधराव्या शतकातल्या चित्रांत कपड्यांच्या चुण्यांवर सोनेरी केसासारख्या रेषा दिसतात, त्या या पुडीच्या. तिची चमक मंद असते.

घोटलेल्या सोन्याचा अर्थ पान हलवल्याशिवाय कळत नाही. मेणबत्तीपाशी पान थोडं तिरकं झालं की सोनं अचानक पेटतं, आणखी कललं की विझतं. ते दुसऱ्या कशाच्या उजेडाचं चित्र नसतं, स्वतःच उजळतं. म्हणून तेजोवलय सोन्याचं, म्हणूनच पार्श्वभूमीही सोन्याची: तिथे आकाश नाही, वेळ नाही, गाव नाही. संगणकाच्या पडद्यावर नेमकं हेच हरवतं. स्थिर प्रकाशात काढलेल्या छायाचित्रात सोनं कधी पिवळं, कधी चक्क तपकिरी दिसतं.

निळ्याची चढण

सगळ्यात चांगला निळा लाजवर्द या दगडाचा, आणि मध्ययुगीन युरोपात तो येई अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. अजिंठ्याच्या भिंतींवरचा निळाही लाजवर्दाचाच आहे, युरोपच्या कितीतरी शतकं आधीचा.

दगड नुसता कुटून भागत नाही. निळ्या खनिजाबरोबर त्यात पांढरं कॅल्साइट आणि सोनेरी पायराइट असतं. सगळं एकत्र वाटलं तर राखाडी पूड मिळते. चेनिनीची कृती अशी: एक पौंड लाजवर्दाच्या पुडीला सहा औंस पाइनची राळ, तीन औंस रुमामस्तकी आणि तीन औंस नवं मेण. हे वितळवून, गाळून, पुडीत मिसळून गोळा करायचा. तो किमान तीन दिवस, तीन रात्री ठेवायचा आणि रोज मळायचा. मग कोमट, राखेच्या क्षारयुक्त पाण्यात बुडवून दोन काठ्यांनी दाबत राहायचा. निळे कण पाण्यात उतरतात, बाकीचा गाळ राळेत अडकून राहतो. पहिल्या पाण्यातला निळा सर्वांत गडद, किंचित जांभळट. पुढच्या प्रत्येक पाण्याला तो फिका होत जातो आणि शेवटी उरते निळसर राख. एकाच दगडातून असे वेगवेगळ्या भावाचे निळे निघत, आणि काम सांगणारा गिऱ्हाईक कोणता निळा कुठे हवा हे ठरवून सांगू शके.

स्वस्त पर्याय दोन. एक ॲझुराइट, तांब्याचं खनिज, युरोपातच मिळणारं. त्याचं गणित उलटं आहे: जास्त बारीक वाटलं तर रंग उडून फिका होतो, म्हणून भरड ठेवावं लागतं आणि थर खरखरीत होतो. दुसरा वनस्पतींपासूनचा, आपल्या निळीचा युरोपीय भाऊबंद.

डोळ्यांनी यांतला फरक ओळखता येतो असं मानणाऱ्यांसाठी लिंडिसफार्न शुभवर्तमानाचं उदाहरण पुरेसं आहे. इ.स. 700 च्या सुमाराचं, ख्रिस्ताच्या चरित्राच्या चार ग्रंथांचं हे इंग्लंडमधलं हस्तलिखित. त्यात लाजवर्द आहे असं अनेक वर्षं लिहिलं जात होतं, आणि त्यावरून सातव्या-आठव्या शतकातल्या इंग्लंड-अफगाणिस्तान व्यापाराच्या गोष्टीही रचल्या गेल्या. रामन वर्णपटाच्या, म्हणजे लेसरचा किरण टाकून पदार्थ ओळखण्याच्या, तपासणीत तो निळा वनस्पतिजन्य निघाला. ‘बुक ऑफ केल्स’चंही तसंच झालं.

उलट गंमत जर्मनीतल्या डालहाइमची. तिथल्या मठात पुरलेल्या, अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपासच्या एका स्त्रीच्या दातांवरच्या कीटणात लाजवर्दाचे सूक्ष्म कण सापडले. 2019 साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. कुंचल्याचं टोक ओठांनी जुळवताना ते कण तोंडात गेले असावेत, हे त्याचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण. कण रंग वाटताना उडाले असले तरी एवढं निश्चित की एवढा महाग रंग एका आडगावच्या मठातल्या स्त्रीपर्यंत पोचला होता.

आता अर्थाकडे. ख्रिस्ताची आई मरिया हिचा निळा झगा आपल्याला इतका सरावाचा झाला आहे की तो पहिल्यापासून तसाच होता असं वाटतं. तसं नाही. बाराव्या शतकापूर्वीच्या पश्चिम युरोपातल्या चित्रांत तिचे कपडे काळपट, करडे, गडद जांभळे किंवा गडद निळे असत. रंगाचं काम शोक दाखवण्याचं होतं. बाराव्या शतकात हा निळा उजळत गेला. त्याच काळात पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसच्या मठाचा प्रमुख सूजे आपलं चर्च रंगीत काचांनी भरून टाकत होता, कारण त्याच्या लेखी रंग म्हणजे प्रकाश आणि प्रकाश म्हणजे देवाचं सान्निध्य. त्याचा समकालीन क्लेअरव्होचा बर्नार्ड असल्या झगमगाटाला फालतू समजे. त्याच्या सिस्टर्शियन या संन्याशांच्या संघाने नियमच केला की अक्षरं एकाच रंगाची असावीत आणि चित्रांकित नसावीत. या संघाच्या बाराव्या शतकातल्या अनेक हस्तलिखितांत मोठी आद्याक्षरं म्हणूनच एकरंगी दिसतात. एकाच शतकात, एकाच धर्मात, रंगाबद्दलची ही दोन टोकं. तक्त्यात हे बसवणार कुठे?

मरियेला लाजवर्द मिळाला त्यामागे किंमतही होती. सर्वांत मौल्यवान पदार्थ सर्वांत आदराच्या जागी, हा साधा हिशेब. एकाच पानावर मरियेच्या झग्याला लाजवर्द आणि आकाशाला ॲझुराइट असं आढळतं, तेव्हा चित्रकाराने पैसे कुठे वाचवले ते दिसतं.

लाल, आणि तो वाचायचा नसतो

लाल रंग मुख्यतः तीन. शेंदूर म्हणजे शिसं भाजून केलेला नारिंगी लाल, स्वस्त आणि सगळीकडे. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. वजनात साधारण सहा भाग पाऱ्याला एक भाग गंधक असं हे संयुग. दोन्ही एकत्र तापवले की आधी काळं होतं, आणखी तापवल्यावर वाफ होऊन वर जमतं आणि वाटलं की लाल होतं. जितकं वाटावं तितकं खुलतं. हे सगळं करताना पाऱ्याची वाफ निघते, तेव्हा आज कुणी हौसेनेही हे घरी करू नये. तिसरा लाल आपल्या ओळखीच्या पतंगाच्या लाकडाचा. भारत आणि आग्नेय आशियातून हे लाकूड युरोपात जाई. त्याचा कीस काढून भिजवायचा, तुरटी घालायची, की पारदर्शक गुलाबी-लाल मिळतो. मात्र उजेडात तो लवकर उडतो.

प्रार्थनाग्रंथांत लाल अक्षरांचं काम प्रतीकापेक्षा सोयीचं आहे. काळ्या अक्षरांत जे आहे ते म्हणायचं. लाल अक्षरांत जे आहे ते करायचं: इथे उभं राहा, इथे अमुक स्तोत्र घ्या. प्रार्थनापुस्तकाच्या सुरुवातीच्या दिनदर्शिकेत मोठे सण लाल शाईत असतात. श्रीमंतांच्या प्रतींत सण सोन्यात आणि साध्या संतांची नावं आळीपाळीने लाल-निळी. तिथे एखाद्या नावाचा निळा रंग स्वर्ग वगैरे काही सांगत नाही, आधीची ओळ लाल होती एवढंच सांगतो. मात्र एखाद्या स्थानिक संताचं नाव सोन्यात दिसलं तर लक्ष द्यावं: ते पुस्तक कोणत्या गावासाठी झालं हे अभ्यासक बहुतेक वेळा तिथूनच शोधतात.

विधींच्या वेळच्या धर्मगुरूंच्या कपड्यांचे रंग वेगळी गोष्ट. तिसरा इनोसंट पोप होण्याआधी, 1195 च्या सुमारास, त्याने रोमची पद्धत लिहून ठेवली: सणांना पांढरा, हुतात्म्यांना आणि पेंटेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) लाल, प्रायश्चित्ताच्या काळात काळा, एरवी हिरवा. वेगवेगळ्या प्रांतांत याहून वेगळे रिवाज चालत राहिले. चित्रातल्या कपड्यांना हा नियम थेट लावला तर अर्थ चुकतो.

बाकीचे थोडक्यात. हिरवा बहुधा जंगालाचा, म्हणजे तांब्यावर व्हिनेगरची वाफ देऊन खरवडलेला. क्रूस हिरवा रंगवलेला दिसला तर तो सुकं लाकूड नसून जीवनवृक्ष आहे असं सुचवायचं असतं. पिवळा हरताळाचा, आपल्या पोथ्यांत चुकलेली अक्षरं झाकायला वापरत तोच. ख्रिस्ताला दगा देणाऱ्या यहूदाचा पिवळा झगा बाराव्या-तेराव्या शतकापासून पुढे रुळत गेला. 1215 च्या लॅटरन धर्मसभेने ज्यूंना वेगळ्या वेषाची सक्ती केली आणि अनेक ठिकाणी ती खूण पिवळी ठरली, हा त्याच काळाचा कडू भाग. जांभळी पानं सम्राटांच्या दिमाखाची. सहाव्या शतकातलं ‘कोडेक्स आर्जेन्टियस’ जांभळ्या चर्मपत्रावर चांदी-सोन्याच्या अक्षरांत आहे. अशी पानं समुद्री शंखांच्या रंगाची असं सरसकट सांगितलं जाई. तपासलेल्या काही हस्तलिखितांत मात्र दगडफुलांपासून काढलेला, बराच स्वस्त रंग निघाला.

जागा आणि शेजार

रंगापेक्षा भरवशाच्या खुणा आकारांच्या आहेत. तेजोवलयात क्रूस असेल तर ती व्यक्ती त्रैक्यातली (पिता, पुत्र, पवित्र आत्मा), बहुधा ख्रिस्त. शुभवर्तमानं लिहिणाऱ्या चौघांच्या खुणा ठरलेल्या: पंखांचा माणूस मत्तय, सिंह मार्क, बैल लूक, गरुड योहान. हे चार प्राणी यहेज्केल या संदेष्ट्याच्या आणि ‘प्रकटीकरणा’तल्या दर्शनातून आले आहेत आणि कोणत्याही रंगात येऊ शकतात. किल्ल्या असतील तर ख्रिस्ताचा शिष्य पेत्र. आधी या खुणांवरून माणूस ओळखावा, मग त्याच्या रंगाबद्दल बोलावं.

काही ठिकाणी रंग धर्मग्रंथच ठरवून देतो. ‘प्रकटीकरणा’च्या सहाव्या अध्यायातले चार घोडे पांढरा, लाल, काळा आणि फिकट असे सांगितले आहेत. पहिल्या तिघांत चित्रकाराला फारसं स्वातंत्र्य नाही. चौथ्या फिकट घोड्यावर मृत्यू बसलेला, आणि तिथे कुणी राखाडी केला, कुणी हिरवट, कुणी पिवळट. चित्रकाराची समज पाहायची तर या चौथ्या घोड्यापाशी थांबावं.

उडालेला रंग की पुसलेला?

आज दिसणारा रंग हाच मूळचा असं धरून चालता येत नाही. सफेदा हवेतल्या गंधकयुक्त वायूने काळा पडतो, आणि मग पांढरा चेहरा काळवंडलेला दिसतो. त्यावरून ‘हा पापी’ असं म्हणणं म्हणजे रसायनाला धर्मशास्त्र समजणं. चांदीचंही तेच: शूरांची चिलखतं, चंद्र, पाणी चांदीच्या वर्खाचं असे, आज ते काळं-करडं आहे. जांभळ्या पानांवर तर चांदीच्या अक्षरांनी कुठे कुठे चर्मपत्र खाऊन टाकलं आहे. जंगाल चर्मपत्राला आरपार भाजतो. पान उलटलं की मागच्या बाजूला हिरव्याच्या आकाराचा तपकिरी डाग दिसतो, कधी भोकच. हरताळात गंधक असतं, त्यामुळे तो सफेद्याला किंवा जंगालाला खेटून लावला तर दोघांची सीमा काळी पडण्याचा धोका. जाणते चित्रकार त्यांना लांब ठेवत. म्हणजे दोन रंग शेजारी न येण्यामागेही दर वेळी प्रतीकच असेल असं नाही.

नुकसान माणसांनीही केलं आहे, मुद्दाम आणि भक्तीने. रंगाचा थर कडेपासून तुकड्यातुकड्यांनी सुटला असेल तर बंधकाचा दोष. एकाच आकृतीचा चेहरा टोकदार वस्तूने खरवडलेला असेल, बाकी चित्र धड असेल आणि ती आकृती सैतानाची किंवा छळ करणाऱ्याची असेल, तर ते वाचकाचं काम. आणि ख्रिस्ताच्या पायांपाशी रंग गुळगुळीत पुसट झाला असेल, कडा धूसर असतील, तर तिथे ओठ किंवा बोटं टेकत आली आहेत. मिस्साग्रंथात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनाविधीच्या पुस्तकात, वधस्तंभाच्या पूर्ण पानाच्या चित्राचं धर्मगुरू चुंबन घेत, आणि महागडं चित्र त्यात झिजे. म्हणून अनेक मिस्साग्रंथांत चित्रकाराने त्याच पानाच्या खालच्या समासात एक छोटा क्रूस वेगळा रंगवून दिला, चुंबन तिथे घ्यावं म्हणून. काही प्रतींत तो छोटा क्रूस पार झिजला आहे आणि वरचं चित्र शाबूत आहे. काहींत धर्मगुरूंनी त्याच्याकडे दुर्लक्ष करून वरच्या ख्रिस्तालाच ओठ लावलेले दिसतात.